मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात इन्सुलिन : तक्त्याचा मसुदा, दुरुस्त्या सुचवा

सह्यकडा

मंडळी, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासाठी इन्सुलिनचा तक्ता लिहायला घेतलाय. डीएम एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोन आणि मधुमेहाची एमडीनंतरची पदवी) चालवणारे विभाग मोजकेच. बाकी सगळीकडे मधुमेहाचा पेशंट मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, प्रसूती अशा वॉर्डांत विखुरलेला असतो, आणि रात्री दोनला साखर ३८० आली की काय करायचं ते पहिल्या वर्षाचा रेसिडेंट ठरवतो. हा तक्ता त्याच्यासाठी आणि ड्युटीवरच्या सिस्टरसाठी आहे. घरी वापरायचा नाही, लहान मुलांसाठी नाही, गरोदर बाईसाठी नाही.

मसुदा असा:

दाखल पेशंटची साखर दोनदा १८० च्या वर आली की इन्सुलिन सुरू. लक्ष्य १०० ते १८०. दिवसाचा एकूण डोस ०.४ युनिट प्रति किलो. वय ७० च्या पुढे, किडनी अधू किंवा जेवण धड जात नसेल तर ०.२ ते ०.३. निम्मा बेसल (दिवसभर पुरणारं, जेवणाशी न बांधलेलं इन्सुलिन), निम्मा तीन जेवणांत वाटून (बोलस). म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४ युनिट : ग्लार्जिन १२, आणि नाश्ता, दुपार, रात्र प्रत्येकी ४. जेवणार नसेल तर जेवणाचा डोस नाही, बेसल चालू. जेवणाआधीची साखर १८० च्या वर असेल तर जेवणाच्या डोसात थोडी भर, २५० च्या वर आणखी थोडी. मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या दाखल असेपर्यंत बंद.

आणि मुख्य म्हणजे ‘नुसतं स्लाइडिंग स्केल’ (साखर किती आली ते बघून तेवढ्यापुरतं इन्सुलिन) ही ऑर्डर बंद. स्केल साखर वाढल्यावर धावतं, वाढू नये म्हणून काही करत नाही. २००७ च्या रॅबिट-२ अभ्यासात बेसल-बोलसवर ६६ टक्के पेशंट १४० च्या आत आले, स्केलवर ३८ टक्के. तरी केस पेपरवर अजून स्केलच दिसतं, कारण ते लिहायला सोपं आहे.

काय चुकतंय, काय राहिलंय ते स्पष्ट सांगा.

पळसफूल

डोसाचं गणित ठीक आहे. पण वॉर्डात गणितापेक्षा वेळ चुकते, आणि वेळेबद्दल मसुद्यात एक अक्षर नाही.

बऱ्याच वॉर्डांत होतं ते असं. सकाळी ६ ला सगळ्यांच्या साखरा एकदम तपासून वहीत लिहिल्या जातात. ७ ला हँडओव्हर. ८ ला नवी सिस्टर त्याच आकड्यावर इन्सुलिन देते. नाश्त्याची गाडी येते पावणेनऊला, आणि शेवटच्या खाटेपर्यंत पोचायला सव्वानऊ. म्हणजे साखर सहाची, इन्सुलिन आठचं, खाणं सव्वानऊचं. मग अकराला पेशंटला घाम फुटला की दोष इन्सुलिनला.

तक्त्यात हे लिहा : साखर तपासणं आणि इन्सुलिन टोचणं यात अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर नको. रेग्युलर असेल तर जेवणाआधी ३० मिनिटं. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन हे जलद प्रकार असतील तर ताट समोर आल्यावरच. ज्या वॉर्डात गाडीची वेळ पक्की नाही तिथे हे दुसरे प्रकार जास्त सुरक्षित, कारण पेशंट अर्धंच जेवला तर जेवण झाल्या झाल्या अर्धा डोस देता येतो. रेग्युलरला ती सोय नाही.

दुसरं सिरिंजचं. आपल्याकडे वायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीची, पेनची कार्ट्रिज १०० ची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. पेनची सुई संपली म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिली येतो, म्हणजे ५० युनिट. उलट ४० च्या वायलमधून नारिंगी सिरिंजने ‘२०’ ओढलं तर जातात फक्त ८. मग साखर उतरत नाही, डोस वाढवत नेतात, आणि सुट्टी झाल्यावर घरी बरोबर सिरिंज मिळाली की तोच वाढवलेला डोस पूर्ण बसतो. म्हणून एका वॉर्डात एकच ताकद ठेवा. ते जमत नसेल तर दोन वेगळे ट्रे, आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचं नाही ही पाटी.

ऑर्डर लिहिताना ‘यू’ हे अक्षर नको, ‘युनिट’ असं पूर्ण लिहायचं. १० च्या पुढचा घाईतला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

पेन एका पेशंटचं एकालाच, सुई बदलली तरीसुद्धा. टोचताना रक्त कार्ट्रिजमध्ये मागे येऊ शकतं.

अंतःस्राव

पळसफूलताईंना पूर्ण अनुमोदन. औषधांच्या बाजूने माझी भर.

१. बेसल चालू ठेवायचं हे टाइप १ साठी वेगळ्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापा. टाइप १ चा पेशंट उपाशी असो, उलट्या होत असोत, ऑपरेशनला जाणार असो, बेसल थांबवायचं नाही. साखर ११० आहे म्हणून रात्रीचं ग्लार्जिन ‘होल्ड’ केलं की सकाळी कीटोन्स (चरबी जळून बनणारी आम्लं) तयार. काळजी वाटत असेल तर डोस २० टक्के कमी करा, डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन) लावा, पण बंद करू नका. केस पेपरच्या पहिल्या पानावर ‘टाइप १’ लिहिलेलं असलंच पाहिजे. अनेकदा नुसतं ‘डीएम’ (मधुमेह) लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो.

२. जास्तीच्या साखरेसाठीचा डोस रेग्युलरचा असेल तर सहा तासांच्या आत पुन्हा नाही. जलद प्रकाराचा असेल तर चार तासांच्या आत नाही. रात्री १० ला ३२० आली म्हणून ८, बाराला २९० म्हणून आणखी ६, दोनला २६० म्हणून ६, असं झालं की हे सगळं एकत्र पहाटे काम करतं. झोपतानाचा दुरुस्ती डोस दिवसाच्या निम्मा ठेवा.

३. स्टिरॉइड. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची उपाशीपोटीची साखर बरी असते, दुपारनंतर चढते आणि रात्री उतरते. याला ग्लार्जिन वाढवत गेलात तर पहाटे साखर पडेल आणि दुपारी तरीही ३०० राहील. इथे सकाळी, स्टिरॉइडच्या गोळीसोबतच एनपीएच (मध्यम काळ टिकणारं दुधाळ इन्सुलिन) द्यायचं : प्रेडनिसोलोनच्या दर १० मि.ग्रॅ. मागे ०.१ युनिट प्रति किलो, जास्तीत जास्त ०.४. म्हातारा माणूस किंवा किडनी अधू असेल तर त्याहून कमी. गोळी कमी केली की त्याच दिवशी एनपीएचही त्याच प्रमाणात खाली. हे राहून जातं, कारण गोळी कमी करणारे छातीरोगवाले आणि इन्सुलिन बघणारे आपण.

४. नळीने फीड चालू असलेला पेशंट. नळी निघाली, फीड थांबलं, पण टोचलेलं इन्सुलिन थांबत नाही. फीड थांबलं की त्याच वेगाने १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू आणि साखर तासाला, ही कायमची ऑर्डर आधीच लिहून ठेवायची. डॉक्टरची वाट बघायला लावू नका.

५. पोटॅशियम वाढलंय म्हणून रेग्युलर १० युनिट आणि २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज दिलेला पेशंट मधुमेही नसला तरी याच तक्त्यात घ्या. डेक्स्ट्रोज तासाभरात संपतं, इन्सुलिन चार-सहा तास राहतं, आणि किडनी बिघडली असेल तर त्याहून जास्त. त्याची साखर कमीत कमी सहा तास, तासातासाला. किडनीच्या पेशंटला १० ऐवजी ५ युनिटने सुरुवात हा पर्यायही लिहा.

आणखी एक. लक्ष्य १०० ते १८० ठेवलंत ते योग्य. कोणी ‘११० च्या आत आणा’ म्हणालं तर २००९ चा नाइस-शुगर अभ्यास दाखवा. अतिदक्षतेतले सहा हजारांवर पेशंट, कडक लक्ष्य ८१ ते १०८, आणि त्या गटात मृत्यू २७.५ टक्के. १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९.

मांडवीकाठ

गोव्यातून वाचतोय. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या आकडेवारीत गोवा देशात सगळ्यात वर आहे, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) ठिकाणी कुठल्याही वॉर्डात जवळजवळ चौथा पेशंट मधुमेही धरायचा. म्हणून एक सूचना : तक्ता फक्त मेडिसिनपुरता ठेवू नका. सर्जरी आणि ऑर्थोचा रेसिडेंट तो जास्त वापरेल. ऑपरेशनच्या आधी कुठली गोळी कधी थांबवायची ते त्यांच्या पानावर हवं.

अंतःस्राव

बरोबर, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कानाग्लिफ्लोझिन ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद, अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी. या गोळ्यांवर साखर २०० च्या आत असतानाही कीटोअॅसिडोसिस (डीकेए, म्हणजे कीटोन्स साचून रक्त आम्ल होणं) होतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंट मळमळतोय, श्वास जोरात चाललाय, साखर १७०, म्हणून कोणी कीटोन्स बघत नाही. आता या गोळ्या हृदयासाठी आणि किडनीसाठीही देतात. तेव्हा ‘मधुमेह आहे का’ एवढंच विचारू नका, गोळ्यांची पाकिटं मागून बघा.

वाचनमात्र

मी डॉक्टर नाही, टाइप १ असलेल्या मुलीची आई आहे. मुलगी आता १९ वर्षांची. पोटाच्या दुखण्यासाठी वगैरे दाखल करावं लागलं तर वॉर्डात नेमकं काय सांगायचं, कुठल्या क्रमाने?

अंतःस्राव

ताई, चार गोष्टी, आणि कागदावर लिहून न्या. एक, ‘टाइप १ आहे, बेसल थांबवता येत नाही’. दोन, बेसलचं नाव, युनिट आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ती वेळ. तीन, किती ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट आणि किती साखर उतरायला एक युनिट, ही तिची दोन प्रमाणं. चार, ती कुठलं पेन किंवा पंप वापरते. पंप असेल तर एमआरआयच्या खोलीत नेण्याआधी काढावा लागतो, आणि काढल्यावर दोन-तीन तासांतच कीटोन्स वाढायला लागतात. तेव्हा काढण्याआधीच पर्यायी इन्सुलिन ठरवून घ्या. पोटात दुखतंय आणि उलट्या आहेत एवढ्यावरून नुसतं पोटाचं दुखणं समजू देऊ नका, कीटोन्स तपासायला सांगा. डीकेएमध्येही पोट दुखतं. स्वतःचं पेन, सुया आणि मीटर सोबत ठेवा, आणि तिचं तिला टोचू द्यायला डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. ती शुद्धीवर असेल तर या बाबतीत तिच्याइतकं जाणणारं वॉर्डात दुसरं कोणी नसतं.

निळी शाई

डीएम (एंडोक्रायनॉलॉजी) चा रेसिडेंट आहे. डीकेएचं पान राहिलंय, ते मी देतो. प्रौढांसाठीच. मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, त्यांचा सलाइनचा हिशोब वेगळा.

पहिल्या तासात नॉर्मल सलाइन ५०० ते १००० मिली, हृदय-किडनी बघून. इन्सुलिनची घाई नको. आधी पोटॅशियम. ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा, पोटॅशियम द्या, वर आलं की मगच सुरू करा. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, आणि आधीच कमी असलेल्याला हृदयाची लय बिघडून जीव गमवावा लागतो. ३.५ ते ५ असेल तर इन्सुलिन सुरू आणि प्रत्येक लिटर सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइड २० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे १५ टक्क्यांचं १० मिलीचं एक अँप्युल. ५ च्या वर असेल तर नुसतं इन्सुलिन, दोन तासांनी पुन्हा तपासा. लॅबचा रिपोर्ट दोन तासांनी येणार असेल तर एबीजी (रक्तवायू तपासणीच्या) मशीनवरचं पोटॅशियम घ्या. तेही नसेल तर ईसीजी काढा.

हे अँप्युल टांगलेल्या बाटलीत वरून टोचू नका. जड द्रावण खाली बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं पोटॅशियम एकदम शिरेत जातं. बाटली काढा, औषध घाला, उलटीसुलटी करून नीट मिसळा, मग टांगा.

इन्सुलिन ड्रिप : ५० युनिट रेग्युलर, सलाइन घालून एकूण ५० मिली. म्हणजे १ मिलीत १ युनिट. वेग ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास, ६० किलोला तासाला ६ मिली. इथेही ताकदीचा घोटाळा होतो. ४० च्या वायलमधून ५० युनिट म्हणजे १.२५ मिली : इन्सुलिन सिरिंजने एकदा ४० आणि एकदा १०. ‘५० युनिट म्हणजे अर्धा मिली’ असं पाठ असलेला माणूस साध्या सिरिंजने अर्धा मिली घेतो आणि ड्रिपमध्ये जातात २० युनिट. रात्रभर साखर उतरत नाही आणि का ते कोणाला कळत नाही.

पंप नसेल तर ५० युनिट ५०० मिली सलाइनमध्ये. १० मिलीत १ युनिट. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली, म्हणून मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली. ६ युनिट हवं तर मिनिटाला ६० थेंब. थेंब कोणीतरी मोजत राहिलं पाहिजे. पेशंटने हात वाकवला की वेग बदलतो.

दोन्ही प्रकारांत पहिले २० मिली नळीतून वाहू देऊन फेकून द्या. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. न फेकता जोडलं तर पहिला तासभर पेशंटपर्यंत फारसं पोचत नाही. पंपाच्या ५० मिलीतून २० गेले तर पुन्हा भरायला लागतं, म्हणून पहिल्यांदाच दुसरी सिरिंज तयार ठेवा.

साखर २५० च्या खाली आली की ड्रिप बंद करायचं नाही. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. डेक्स्ट्रोज ५ टक्के जोडा, इन्सुलिन ०.०५ वर आणा. आपण साखर उतरवत नाही आहोत, कीटोन्स थांबवतो आहोत. थांबायचं कधी : साखर २०० च्या आत, पीएच ७.३ किंवा बायकार्बोनेट १८, रक्तातले कीटोन्स ०.६ च्या खाली, आणि पेशंट खाऊ लागलेला. बेसलचं इंजेक्शन ड्रिप काढायच्या एक ते दोन तास आधी. ड्रिप काढल्यावर रेग्युलर रक्तात काही मिनिटंच टिकतं.

लघवीच्या कीटोन पट्टीवर उपचार ठरवू नका. पट्टीला अॅसिटोअॅसिटेट कळतं, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट कळत नाही. उपचार लागू पडला की दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर होतं आणि पट्टी आणखी गडद होते. पेशंट सुधारतोय आणि पट्टी सांगते बिघडतोय.

शिरेतून बायकार्बोनेट द्यायचं ते रक्ताचा पीएच ७.० च्या खाली गेला तरच.

परीक्षानळी

बायोकेमिस्ट्रीकडून थोडं. पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर : करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीत बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ‘रक्त थोडंच मिळालं, याच नळीतून सगळं करा’ म्हणून तिच्यातून पोटॅशियम केलं तर खोटंच जास्त येणार. त्या नळीतलं रक्त साध्या नळीत ओतलं तरी तेच. डीकेएमध्ये खरं ३.२ असताना ५.५ वाचून इन्सुलिन सुरू झालं तर काय होईल ते निळी शाईंनी वर लिहिलंच आहे.

साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्के घटते, पेशी ती खात राहतात. फ्लोराइड नळीतही पहिला तास-दीड तास घट चालूच असते, कारण फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीतली उशिराची पायरी अडवतं. वॉर्डबॉय दिवसातून दोनदाच नमुने आणत असेल तर सकाळी सहाच्या रक्ताचा दहा वाजता केलेला आकडा निदानासाठी वापरू नका.

मीटरचं : बोट स्पिरिटने पुसून ओलं असतानाच टोचलं तर आकडा चुकतो. प्रसादाचं केळं सोललेल्या हाताचा थेंब ३०० दाखवू शकतो. साबणपाण्याने हात धुणं सगळ्यात उत्तम, ते जमलं नाही तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पेशंट शॉकमध्ये असेल, हातपाय गार असतील, तर बोटाचा आकडा धरू नका, शिरेतलं रक्त घ्या. आणि डेक्स्ट्रोज चालू असलेल्या हातातून कधीच नको.

आता एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार या भागातून येणाऱ्या पेशंटमध्ये सिकलसेल लक्षात ठेवायला लागतो. एसएस (आई-वडील दोघांकडून सिकल जनुक आलेल्या) पेशंटच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून एचबीए१सी खोटंच कमी येतं. ते वापरूच नका. नुसता वाहक असेल तर पेशींचं आयुष्य साधारण असतं, मग आकडा तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून. एचपीएलसी तपासणीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवते) आलेख बघायला मागा, वेगळं शिखर दिसलं की आम्ही तसं कळवतो. लोह कमी असलेल्या बाईत एचबीए१सी खोटंच जास्त येऊ शकतं. रक्त चढवलेल्याचं तीन महिने धरू नका, आणि डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिन घेणाऱ्याचं खाली झुकतं.

भाकरतुकडा

आहारविभागाकडून. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं. ५० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे ३४ ग्रॅम. पण ‘एक भाकरी’ म्हटलं की विदर्भातली आणि कोल्हापुरातली एक नसते. स्वयंपाकघरात पीठ तोलून भाकरी ठरवा आणि ते वजन तक्त्यावर छापा, तरच इन्सुलिनचा जेवणाचा डोस आणि ताट यांचा मेळ बसतो.

नातेवाइकांनी आणलेलं खाणं कोणी मोजत नाही. साखरेचा चहा, ग्लुकोज बिस्किटं, संध्याकाळी सफरचंदाचा रस. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून दिलेल्या रसाने दुपारची साखर २८० होते आणि संध्याकाळी बेसल वाढतं. रागावून उपयोग नाही. काय आणायचं त्याची छोटी यादी द्या : ताक, उकडलेलं अंडं, फुटाणे, काकडी.

उपास विचारा. एकादशी, संकष्टी, नवरात्र, श्रावणी सोमवार. पेशंट आपणहून सांगत नाही, ताट परत पाठवतो किंवा घरून साबुदाणा मागवतो. साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्च, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर कर्बोदकं. सकाळी ताट नाकारल्यावर साखर पडते आणि खिचडीनंतर उसळते, दोन्ही एकाच दिवसात. आदल्या राउंडलाच विचारलं तर डोस बदलता येतो. ऐनवेळी नाही.

बऱ्याच रुग्णालयांत रात्रीचं जेवण साडेसहा-सातला उरकतं आणि नाश्ता दुसऱ्या दिवशी साडेआठला. मधे तेरा-चौदा तास. संध्याकाळच्या ताटासोबत एनपीएच दिलं तर त्याचा जोर मध्यरात्री ते पहाटे तीनपर्यंत, नेमका वॉर्ड झोपलेला असताना. एनपीएच रात्री दहाला द्या आणि पहाटे तीनची साखर बघा.

सह्यकडा

खूप आभार. बदल करतोय : वेळेची चौकट सगळ्यात वर, टाइप १ ची वेगळी, डीकेएचं मागचं पान, सर्जरीच्या गोळ्या, भाकरीचं वजन. करडी नळी लाल शाईत. साखर पडल्यावर काय, ते अजून नेमकं हवंय. आणि दुसरं, आमच्या दोन पीजींना याच तक्त्यावर प्रबंध करायचा आहे. विषय कसा बांधावा?

पळसफूल

साखर पडल्यावर : ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून, म्हणजे तीन सपाट चमचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी तर पुन्हा तेवढंच. गिळता येत नसेल तर तोंडात साखर कोंबायची नाही. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून, त्यात २५ ग्रॅम येतं. मोठ्या शिरेत, सलाइनने धुऊन, बाहेर पाझरलं तर कातडी जळते. वर आली की जेवण, आणि पुढचा इन्सुलिन डोस डॉक्टरने पुन्हा लिहिल्याशिवाय नाही. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड घेतलेला म्हातारा पेशंट असेल तर एकदा साखर वर आली म्हणून सोडू नका, किडनी अधू असेल तर दिवसभर पुन्हा पुन्हा पडते. त्याला डेक्स्ट्रोज चालू ठेवून दाखलच ठेवायचा.

यासाठीचं सामान प्रत्येक वॉर्डात एका डब्यात : पावडर, चमचा, पेला, दोन बाटल्या २५ टक्के, कॅन्युला, स्ट्रिप. डबा औषधांच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका.

मोजपट्टी

प्रबंधाबद्दल. ‘मधुमेहींमध्ये एचबीए१सी आणि अमुक यांचा संबंध’ या साच्यातले प्रबंध पुरे झाले, त्यांनी वॉर्डात काहीही बदलत नाही. तुमच्या हातात तक्ता लागू होण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने आहेत, हेच मोजा. मोजमापाचं एकक ‘पेशंट’ नको, ‘पेशंट-दिवस’ धरा. किती पेशंट-दिवसांत साखर एकदा तरी ७० च्या खाली गेली, ५४ च्या खाली गेली, सगळे आकडे १०० ते १८० मध्ये राहिले. आणि साखर तपासणी ते इन्सुलिन, इन्सुलिन ते ताट, ही दोन अंतरं मिनिटांत. ही दोन अंतरं कमी झाली नाहीत तर बाकीचे आकडे सुधारले तरी श्रेय तक्त्याला देऊ नका. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, आणि हस्तक्षेप आहे म्हणून पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी. नंतर केलेली नोंदणी मासिकं मानत नाहीत.

आपल्या पेशंटबद्दल एक गोष्ट मात्र मांडणीत घ्या. पुण्याच्या केईएममधलं काम (मुंबईचं, परळचं केईएम वेगळं) १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायांवर सुरू झालं. तिथली बाळं वजनाने कमी, साधारण २.७ किलो, पण त्यांच्यात चरबीचं प्रमाण त्या मानाने राखलेलं. त्याच विभागाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणजे ५० किलोचा बारीक दिसणारा आपला पेशंट इन्सुलिनला दाद न देणारा असू शकतो. प्रति किलोचा डोस ही सुरुवात आहे, दुसऱ्या दिवसापासून आकडे बघून १० ते २० टक्क्यांनी बदलत जायचं. तक्त्यात हा बदल करणारी ओळ मला दिसली नाही. बारीक माणूस म्हणून डोस तिथेच अडकून राहतो.

त्याच कामातून बी-१२ चा मुद्दा पुढे आला. शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या पेशंटचं बी-१२ बघा. पायाची बधिरता सगळीच मधुमेहाची नसते.

अंतःस्राव

मोजपट्टींशी सहमत. डोस बदलण्याचा साधा नियम : उपाशीपोटीची साखर १८० च्या वर तर बेसल २० टक्के वाढवा, १४० ते १८० तर १० टक्के. कुठेही ७० च्या खाली गेली तर त्या वेळेला जबाबदार असलेलं इन्सुलिन २० टक्के कमी. सकाळची पडली तर बेसल, दुपारच्या जेवणाआधीची पडली तर नाश्त्याचं. रोज राउंडला बदलायचं, एका दिवसात दोनदा नाही.

निळी शाई

पायाचं एक कलम जोडा. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू) आणि कंपन कळतंय का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वॉर्डात ठेवा. पेशंटचे डोळे मिटलेले, मोनोफिलामेंट वाकेपर्यंत दाबायचा, घट्टा पडलेल्या जागेवर नाही. बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या. शेतात अनवाणी फिरणारा किंवा तापलेल्या फरशीवर देवदर्शनाला उभा राहणारा पेशंट भाजल्याचं सांगतच नाही, कारण त्याला कळलेलंच नसतं.

सह्यकडा

घेतलं. शेवटचा प्रश्न पळसफूलताईंना : प्रशिक्षण कसं द्यायचं आणि सुट्टीच्या वेळी काय?

पळसफूल

व्याख्यान ठेवू नका. प्रत्येक वॉर्डात ड्युटी बदलताना वीस मिनिटं, हातात वस्तू देऊन. लाल आणि नारिंगी सिरिंज, सलाइन भरलेल्या रिकाम्या वायल, एक पेन. ‘१८ युनिट काढून दाखवा’, एवढंच. रेसिडेंटनाही त्याच रांगेत उभं करा, त्यांच्या रोटेशनच्या पहिल्या दिवशी. दुधाळ इन्सुलिन तळव्यात दहा वेळा फिरवून आणि दहा वेळा उलटसुलट करून एकसारखं झालंय का, ते त्यांनी स्वतः डोळ्यांनी बघायचं. नीट न मिसळलेल्या वायलमधून सुरुवातीला एक ताकद येते, शेवटी दुसरी.

पेशंटला सुट्टीच्या दिवशी सकाळी शिकवू नका. त्या दिवशी बिल, गाडी, औषधं यात कोणाचं लक्ष नसतं. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सिस्टरच्या समोर त्याने किंवा घरच्याने स्वतः टोचायचं. पोट आणि मांडी, दर वेळी बोटभर बाजूला सरकून. आधी हाताने चाचपून बघायचं, गाठ लागली तर तिथे नाही. गाठीतून इन्सुलिन कधी मुरतं, कधी नाही. पेनला ४ मि.मी. सुई, टोचण्याआधी २ युनिट हवेत सोडून बघायचे, दाबल्यावर दहा आकडे मोजून मग सुई काढायची.

चिठ्ठीवर मराठीत : इन्सुलिनचं नाव, वायल ४० ची की पेन १०० चं, टोपणाचा रंग, युनिट अक्षरांत आणि अंकांत, जेवणाआधी किती मिनिटं. चालू बाटली फ्रीजबाहेर चालते, पण उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून २८ दिवसांनी टाकायची. घरी फ्रीज नसेल तर माठाच्या गार सावलीत, कपड्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवायची, पत्र्याच्या छताखाली नाही. फ्रीज असेल तर दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं. आणि खाली दोन ओळी : उलट्या होत असतील तर बेसल बंद करू नका. फोन या नंबरवर, रात्रीसुद्धा. नंबर ओपीडीचा देऊ नका, तो दुपारी दोननंतर कोणी उचलत नाही. वॉर्डाचा द्या.